खंडेनवमीचं तेल

माझे सासरे जन्मात कधी सायकलवर बसले नाहीत. उद्यमनगरातल्या एका कारखान्यात त्यांनी तीस-पस्तीस वर्षं लेथ चालवला आणि एवढी वर्षं ते घरून चालत गेले, चालत आले. सायकलवाला लवकर पोचतो आणि मग नुसता बसून राहतो, असं त्यांचं म्हणणं. अशा माणसाच्या घरात माझी लेडीज सायकल आली आणि तिला पाना लावायचा हक्क फक्त त्यांच्याकडे गेला, तो कसा ते सांगते.

सत्तरच्या दशकाच्या मध्याला माझी बदली जोतिबाच्या डोंगरावरच्या शाळेत झाली. मुलगी तेव्हा सात महिन्यांची, अंगावर पिणारी. सकाळची एस.टी. सोयीची होती, पण शाळा पाचला सुटायची आणि खाली यायची गाडी सातची. घरी पोचेपर्यंत आठ वाजून जायचे. तोवर पोर रडून रडून सासूबाईंच्या खांद्यावर झोपलेली आणि माझं पोलकं भिजलेलं. वरच्या दुधाला ती तोंड लावत नव्हती. वाटी-चमचा दिसला की ओठ घट्ट मिटायची. नोकरी सोड असं घरात कुणी म्हणालं नाही, पण सासूबाई पोरीला माझ्याकडे देताना एक शब्द बोलायच्या नाहीत, आणि ते न बोलणं मला फार लागायचं.

मी स्वभावानं तापट. महिनाभर सोसलं आणि एका रविवारी जाहीर केलं की, माहेरची माझी सायकल आणणार, सकाळी एस.टी.च्या टपावर टाकून वर नेणार आणि शाळा सुटली की घाट उतरून सव्वासहाला घरात. उतारच तर आहे, पायसुद्धा हलवायला नको. नवरा फिरतीच्या नोकरीवर, तो म्हणाला, बघ बाई तुझं तू.

सासरे तेव्हा माझ्याशी थेट बोलत नसत. भांडण काही नव्हतं, त्यांच्या पिढीची रीतच तशी. मी समोर उभी असले तरी निरोप सासूबाईंच्या मार्फत यायचा. सुपारी कातरता कातरता ते भिंतीकडे बघून म्हणाले, "तिला इचार, बिरेक कसला हाय."

ब्रेक कसला असणार, सगळ्यांचा असतो तसा, दांड्यांचा. हँडलखालचा दांडा दाबला की रबराच्या दोन गुट्ट्या वर सरकून रिमला घासतात. गावात फिरायला तेवढा पुष्कळ. घाटात पहिल्याच दिवशी समजलं की तो नुसता दाखवायला आहे. बोटं बधिर झाली, रबर जळल्याचा वास यायला लागला, अर्धा घाट मी चालत उतरले. तरी साडेसहाला घरी होते. पोर अशी प्यायली की उचकी लागली. मी तिला घेऊन बसले असताना बाहेर सासरे हात मागे बांधून सायकलभोवती दोन-तीन फेऱ्या मारून गेले.

पुढच्या रविवारी सायकल अंगणात उलटी उभी होती. त्यांनी चाक फिरवून रिमजवळ खडू धरला. जिथं खडूची रेघ उमटली तिथल्या तारा आवळत आवळत चाकाचा आऊट, म्हणजे फिरताना होणारं डुलणं, काढला. गुट्ट्या कानशीनं घासून रिमवर सपाट बसतील अशा केल्या. सीट दोन बोटं खाली घेतली, म्हणजे थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकावेत. मग सासूबाईंच्या मार्फत प्रश्न सुरू झाले. उतारावर हँडल थरथरतं का, कुठल्या वळणावर, कुठला ब्रेक आधी धरतो. दोन्ही एकदमच धरतात म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि मागचा अगोदर धरेल, पुढचा जरा मागनं, अशा बेतानं नट फिरवले. पुढचा आधी धरला तर बाई हँडलवरून पुढं जाईल, असं सासूबाईंनी मला सांगितलं, जणू त्यांनाच सुचलं होतं.

दर रविवारी हे चालायचं. चेनमधून डोंगरावरचा गुलाल निघायचा, तो ते जुन्या दातवणाच्या ब्रशानं झाडायचे. नियम दोन होते. वर सायकलवर बसायच्या आधी जाग्यावर दोन्ही ब्रेक दाबून बघायचे, आणि मधल्या मोठ्या वळणावर थांबून रिमला बोट लावायचं. चटका बसला तर तिथंच बसून राहायचं. किटल्या घेऊन शहरात उतरणारे दूधवाले मला हसायचे. ते कॅरिअरला एक झाडाची फांदी बांधायचे आणि ती फरफटत वेग रोखायची. ही युक्ती मी घरी सांगितली तर सासरे भिंतीला म्हणाले की, ज्याला बिरेक लावता येत न्हाई त्यानं झाडं तोडावीत.

मुलगी गुटगुटीत झाली. सासूबाई बोलायला लागल्या.

मग दसरा आला. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा. सासऱ्यांनी पाने, कानशी, कारखान्यातून निवृत्त होताना आणलेली मोजपट्टी पाटावर मांडली आणि शेजारी माझी सायकल उभी केली. पावसाळाभर डोंगरावरच्या धुक्यात राहून रिमला गंज धरला होता. त्यांनी तो घासून काढला आणि रिमवरून तेलाचा बोळा फिरवला. आयुष्यभर लेथवर त्यांनी हेच केलं होतं, उघडं लोखंड दिसलं की तेलाचा हात. हळदीकुंकू, झेंडूची माळ, नारळ. सायकल इतकी देखणी मी कधी बघितली नव्हती. पुजलेल्या वस्तूला दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही, म्हणून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रॉकेलनं तेल पुसायचं त्यांनी ठरवलं होतं. त्या सकाळी ते नदीला अंघोळीला गेले आणि मी, शाळेत लवकर बोलावलंय म्हणून, नेहमीच्या आधीची गाडी धरली.

संध्याकाळी वर ब्रेक दाबून बघायचा नियम मी पाळला नाही. चार महिन्यांत एकदाही काही झालं नव्हतं आणि मला पोरीची ओढ होती. दुसऱ्या वळणाआधी दोन्ही ब्रेक दाबले. दांडे वर गेले, रबरं रिमला टेकली आणि काहीच झालं नाही. सायकल जोर धरत होती. डाव्या हाताला दरी, उजवीकडे डोंगर. मी उजवीकडे घातली आणि गटार ओलांडून घाणेरीच्या झुडपात पडले. कोपर सोलून निघालं, लुगडं फाटलं, पुढचं चाक वेडंवाकडं झालं. मागून येणाऱ्या एका दूधवाल्यानं मला उठवलं. त्यानं रिमवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "बाई, चाकाला त्याल कुणी लावलं?"

घाटाखालच्या केर्लीपर्यंत मी सायकल ओढत आणली आणि तिथून गाडी मिळाली. सगळी वाट मी मनातल्या मनात सासऱ्यांना बोलत होते. तीस वर्षं यंत्रावर काढली आणि एवढं कळू नये. माझ्या लेकराला पोरकं करायला निघाले होते. एकेक वाक्य घासूनपुसून तयार ठेवलं होतं.

ते दारातच उभे होते. त्यांनी आधी वाकडं चाक बघितलं, मग रिमवर बोट फिरवून नाकाशी नेलं. तोंड एकदम उतरलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याकडे बघून मला म्हणाले, "लई लागलं का?"

नाही म्हटलं. मी ब्रेक बघितला नाही, चूक माझीपण आहे, असंही सांगितलं. ते त्यांना ऐकू गेलं असं वाटत नाही.

सायकल दुकानातून नीट होऊन आली, नव्या गुट्ट्या, नवा रिम. सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रविवारी ते अंगणात आलेच नाहीत. माझी गत वेगळी नव्हती. रोज सकाळी सायकलला हात लावायची, ते वळण आठवायचं, आणि तशीच रिकामी स्टँडवर जायची. पुन्हा सातची गाडी, पुन्हा आठ. दहाव्या दिवशी पोरीनं वाटीतलं गाईचं दूध चार चमचे घेतलं. सासूबाई मोठ्या आनंदानं सांगत होत्या. मी मोरीत गेले आणि पाण्याचा नळ सोडून रडले. दोन दिवसांनी तर तिनं मला बघून तोंड फिरवलं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी सरळ सासऱ्यांपुढे जाऊन उभी राहिले. सासूबाई मध्ये नव्हत्या.

"मामा, दुकानातल्या बिरेकावर मी बसणार न्हाई. तुम्ही बघितला तर बसीन."

"माझ्या हाताचा भरवसा न्हाई आता."

"मला हाय," मी म्हणाले आणि आत निघून आले.

शनिवारी सकाळची शाळा असायची. त्या शनिवारी मी स्टँडवर पोचले तर सायकल आधीच टपावर होती आणि खाली सासरे, काखेत रिकामं पोतं आणि खिशात पाना. वर गेल्यावर मी शिकवत होते तोवर त्यांनी पोत्यात दगड-माती भरली आणि एका नारळवाल्याच्या काट्यावर माझ्याइतकं वजन करून आणली. मी काही एवढी जड नव्हते, पण तो वाद घालायची ती वेळ नव्हती. पोतं त्यांनी सीटवर दोरीनं आवळून बांधलं, जाग्यावर दोन्ही ब्रेक दाबले आणि हँडल धरून चालत घाट उतरायला लागले.

मी मागून चालत होते. ते चार पावलं सायकल सुटी सोडत, मग दाबत. थांबली की रिमला बोट लावत, नट अर्धा फेरा फिरवत, पुन्हा सोडत. गुलालानं माखलेली माणसं वर येत होती. त्यातल्या एकानं विचारलं, "पावणं, पोत्यात काय हाय?"

"सून हाय," सासरे म्हणाले. तो माणूस पोत्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे बघितलं, आणि घाईनं पुढं गेला. पडल्यापासून मी हसले ती तेव्हाच.

दुसऱ्या वळणाच्या अलीकडे मी त्यांना थांबवलं आणि पोत्याची दोरी सोडली. मी सीटवर बसले, ब्रेक दाबून बघितले. सायकल हलेना. मागं वळून बघितलं तर त्यांनी कॅरिअर दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

"मामा, सोडा."

थोड्या वेळानं सोडला. वळणावर मी मागचा दाबला, मग पुढचा. सायकल हळू झाली, आणखी हळू झाली, आणि दोन्ही पाय टेकून मी उभी राहिले. वर पाहिलं तर ते डोंगराकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून उभे होते. बघायची त्यांची छाती झाली नव्हती. ब्रेक धरला म्हणून मी ओरडले तेव्हा ते वळले.

"थांबू नगंस," ते वरून म्हणाले. "पोर उपाशी आसंल."

मी थांबले नाही. घाट, केर्ली, पंचगंगेचा पूल, सगळं एका दमात. घरी पोचले, हात धुतले, पोरीला घेतलं. तिनं तोंड फिरवलं. मी पुन्हा जवळ घेतलं, तिनं हातानं ढकललं. सासूबाई वाटी घेऊन उभ्या होत्या. मी मानेनंच नको म्हटलं. किती वेळ गेला कोण जाणे. मग तिनं वास घेतल्यासारखं केलं, कुरकुरली, आणि प्यायला लागली.

सासऱ्यांना खाली गाडी लगेच मिळाली असावी. बाहेर त्यांचं खाकरणं ऐकू आलं. मी पोरीला घेऊन बसलेय म्हटल्यावर ते आत येणार नव्हते. दाराबाहेरूनच त्यांनी विचारलं, "प्याली का?"

"अजून पितीया," सासूबाई म्हणाल्या.

मग पायरीवर कुणीतरी बसल्याचं जाणवलं, आणि आमचा तो म्हातारा कितीतरी वेळ मोठमोठ्यानं नाक शिंकरत होता.