घासून लख्ख केलेलं कुंड

कुंडाच्या काठावर रांगोळी दिसली आणि मी साहेबांना मागे टाकून पाण्याकडे धावले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंच्या जाती ठरवायच्या, कुठली कुठे राहते ते नोंदवायचं, ही माझी नोकरी. "याचा पगार देतात?" असं पेणला माझ्या सासरी सगळेच विचारायचे. द्यायचे. पेणपासून रोह्यापर्यंतचे ओढे मी चाळणीने गाळून काढले होते. रोह्याजवळच्या एका वाडीच्या कुंडात भाताच्या दाण्याएवढी एक गोगलगाय सापडली. तशी दुसरीकडे कुठेच दिसली नव्हती.

नेमकं त्याच कुंडावर नळयोजनेचं सिमेंटचं बांधकाम यायचं होतं. ते थोडं खाली सरकवायला इंजिनिअर तयार होते, पण आमच्या ऑफिसचं पत्र हवं होतं. साहेब म्हणाले, "रिकाम्या शंखावरून जात नक्की होत नाही. आतलं शरीर बघावं लागतं. मी स्वतः येतो. जिवंत दाखवा, तिथल्या तिथे पत्र देतो."

गोगलगाई होत्या मोजक्याच. म्हणून मी एकही उचलली नाही. साहेबांसमोरच दोन-चार घेऊ म्हटलं.

वाडीतल्या जनाबाई रोज तिथे पाणी भरायच्या. त्यांना सांगून ठेवलं, "मोठे साहेब येतायत या गोगलगाई बघायला. त्यांना धक्का लागू देऊ नका."

"नाय लागू देत गो बाय," त्या म्हणाल्या.

ठरल्या दिवशी साहेबांना घेऊन गेले. वाडीने हार घातला, पोह्याचे पापड पुढे केले. कुंड लखलखत होतं. दगडांवरचं शेवाळ काथ्याने घासून काढलेलं, भिंतींना चुना, पाण्याला टीसीएलचा वास. टीसीएल म्हणजे ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती जंतू मारायची पावडर.

"हे कधी केलंत?"

"चार रोज झालं. येवढे मोठे साहेब येनार, त्यांना काय घान कुंड दावायचं?" जनाबाईंचा चेहरा फुलला होता. "आन् तुमच्या गोगलगाई आदी येक येक येचून वाडग्यात ठेवल्या. पावडर टाकून झाल्यावर परत सोडल्या. येकीला धक्का लागला नाय."

मी गुडघ्यावर बसून दगड उलटे करत सुटले. साहेबही पँट दुमडून पाण्यात उतरले. तळाशी शंख होते, सगळे रिकामे. पावडरीच्या पाण्यात त्या मेल्या होत्या आणि चार दिवसांत आतलं सडून गेलं होतं.

"जात नवीन असेलही," साहेब हळू आवाजात म्हणाले. "पण वाचवायला काय उरलंय? पत्र कशाच्या जोरावर देऊ?"

जनाबाईंनी मला बाजूला घेतलं. "पसंत पडलं का गो साहेबांना?"

"फार," मी म्हणाले. रडू येत होतं, पण त्या माउलीला खरं सांगायची माझी छाती झाली नाही.

बांधकाम ठरल्या जागीच झालं. पुढे मी आजूबाजूचे सगळे झरे पालथे घातले, ती गोगलगाय पुन्हा दिसली नाही. तिला नाव मिळालंच नाही. अजूनही हळहळ वाटते.

पाहुणा येणार म्हटलं की आपल्याकडे घर आरशासारखं करतात, हे मला माहीत होतं. शेवाळ हेच त्या गोगलगाईचं घर आणि तेच तिचं जेवण, हेही माहीत होतं. कशाला जपायचं ते सांगताना ते कशावर जगतं तेही सांगावं, एवढंच मी शिकले. जनाबाईंनी मी सांगितलं ते चोख केलं. एकीलाही धक्का लागला नव्हता.