गाळणीबाई

आमच्या ऑफिसातून कुठलाही मजकूर बाईंना वाचून दाखवल्याशिवाय बाहेर जात नसे. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता. बाई खुर्ची ओढून माझ्या टेबलाशेजारी बसत, पदराने चष्मा पुसत, पुसून झाला की तो पुन्हा डबीत ठेवत, डोळे मिटत आणि म्हणत, "वाचा सर." मी वाचू लागलो की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला त्यांचा हात वर होई. दोन पानांचा मजकूर पाऊण पान होऊन बाहेर पडे. म्हणून पाठीमागे आम्ही त्यांना गाळणीबाई म्हणत असू. त्यांना ते माहीत होतं. "चहात पत्ती राहिली तर पेणाराला तकलीफ व्हती," एवढंच त्या एकदा बोलल्या.

मी तेव्हा पत्रकारितेची पदवी घेऊन नुकताच कामाला लागलो होतो. मुलांच्या हक्कांसाठी काम करणारी संस्था, हिंगोलीत खताच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत तिचं जिल्हा कार्यालय, आणि त्यात मी 'संवाद सहायक'. म्हणजे काय, ते घरी शेवटपर्यंत कुणाला समजलं नाही. आई शेजारणींना सांगे, फोनच्या कंपनीत आहे. महिन्याला दोन यशोगाथा, दहा फोटो आणि मुलांच्या तोंडचं एखादं वाक्य मुंबईच्या मुख्य कार्यालयाला पाठवायचं, हे माझं काम. ते वाक्य मुलाच्याच तोंडून आलेलं असावं अशी सक्त ताकीद असे. वाक्य काय असावं, तेही मुंबईहूनच कळवलेलं असे.

बाई या सगळ्याच्या आधीपासून होत्या. कळमनुरी आणि सेनगाव तालुक्यांतल्या गावांत त्यांनी वीस-बावीस वर्षं काढली होती, आधी बालवाडीच्या शिक्षिका म्हणून आणि मग आमच्या संस्थेच्या कार्यकर्त्या म्हणून. कुठल्या घरातलं लेकरू कितवीत आहे आणि कितवीत असायला हवं होतं, हे त्यांना तोंडपाठ. माझा पहिला लेख त्यांनी असाच डोळे मिटून ऐकला. मी लिहिलं होतं, 'बोलता बोलता त्या चिमुकलीच्या डोळ्यांत पाणी तरळले.' हात वर झाला. "डोळे आलते तिला," बाई म्हणाल्या. "साऱ्या वस्तीला आलते. मीच औषध नेऊन दिलं." पुढे 'त्या डोळ्यांत उद्याची स्वप्ने' असंही एक वाक्य होतं. तिथे त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे नुसतं पाहिलं. ते मीच खोडलं.

ऑफिसात गाळून झालं की तो मजकूर ज्याच्याबद्दल आहे त्याला वाचून दाखवायला जायचं. एस.टी. मिळाली तर एस.टी., नाहीतर जीप, आणि पुढे पायी. सेनगावकडच्या एका मेंढपाळाच्या घरावर मी फार मन लावून लिहिलं होतं. त्यात 'अठराविश्वे दारिद्र्य' असे शब्द होते. घरची बाई भाकरी थापता थापता थांबली. "चाळीस मेंढरं हायेत, बारा शेळ्या हायेत," ती म्हणाली. "एवढ्यात दारिद्र्य कुठं बसवलं तुमी? मागल्या वक्ताला दूध-भाकर खाऊन गेलात की." परतताना जीपमध्ये बाई म्हणाल्या, "गरिबी त्यांची हाय सर, आपली न्हाई. इचारून लिहायची."

फोटोंचंही तेच. एका शाळेत जेवणाच्या सुट्टीत मी एका पोराचा खिचडी खातानाचा फोटो काढला. मला वाटलं, मुंबईला आवडेल. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी डबा खात असताना बाईंनी माझा कॅमेरा उचलला आणि नेमका घास तोंडात असताना बटण दाबलं. तोंड उघडं, एक डोळा बारीक, हनुवटीला वरण. "पाठवू का मुंबईला?" त्यांनी विचारलं. आवाजात चेष्टेचा मागमूस नव्हता. तो फोटो मी पुसून टाकला आणि पोराचाही.

आमच्या गोष्टींत मुलींची खरी नावं देत नसत. खाली 'नाव बदलले आहे' अशी ओळ असे. नवं नाव द्यायचं काम बाईंचं. त्यांच्याकडे एक वही होती, त्यात गावागणिक एक पान, आणि त्या पानावर त्या गावातल्या एकाही पोरीची नसलेली नावं. अशी नावं शोधायची म्हणजे मागेच जावं लागतं. त्यामुळे आमच्या अहवालांत आठवी-नववीतल्या मुली सुलोचना, मंदाकिनी, कुमुदिनी आणि वत्सला असत. ही प्रकरणं मुलींची आहेत की त्यांच्या आज्यांची, अशी मुंबईहून एकदा लेखी विचारणा झाली. "आज्यांची म्हणून कळवा," बाई म्हणाल्या. "आजीच्या मागं कुणी लागत न्हाई."

वारंगा फाट्याजवळच्या एका गावात दहावीत शिकणारी एक मुलगी होती. बाईंनी तिला दिलेलं नाव कुमुदिनी. घरच्यांनी मामाच्या गावी तिची सोयरीक गुपचूप ठरवत आणली होती. गणितातलं काही विचारायचंय म्हणून तिने शेजारणीचा मोबाइल मागून घेतला, मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावला आणि सांगितलं, माझं लग्न थांबवा. निरोप फिरत फिरत बाईंकडे आला. बाई त्या घरी तीनदा गेल्या, तिन्ही वेळा शेळ्यांचं निमित्त काढून, आणि तिसऱ्या खेपेला बापाने सोयरीक मोडली. गावात कुणाला पत्ता लागला नाही. फोन आपल्याच पोरीने केला, हे बापालाही ठाऊक नव्हतं. ते त्याला कळलं असतं तर शाळा त्याच दिवशी बंद झाली असती आणि लग्न आठवड्याच्या आत लागलं असतं.

पुढे नोव्हेंबरात बाई लेकीच्या बाळंतपणासाठी पंधरा दिवस नांदेडला गेल्या. मुंबईला बालदिनासाठी गोष्ट हवी होती, तीही शनिवारच्या आत. मी कुमुदिनीची लिहिली. चांगली उतरली होती, पण नाव अडत होतं. 'कुमुदिनीने हेल्पलाइनला फोन लावला' हे वाचताना माझाच विश्वास बसेना. मी ते खोडून एक ताजं, दोन अक्षरी, आजकालचं नाव टाकलं. गावाचं नाव अर्थातच दिलं नाही, नुसतं 'वारंगा फाट्यापासून चार किलोमीटरवरील नदीकाठचे एक छोटेसे गाव' असं लिहिलं आणि आपण किती काळजी घेतो याचं मला समाधान वाटलं. एका स्थानिक दैनिकालाही पाठवलं. त्यांनी एक शब्द न गाळता छापलं. मुंबईहून 'अप्रतिम' असा एका शब्दाचा मेल आला.

बाई नांदेडहून परतल्या त्या पेपर हातात घेऊनच. "चार किलोमीटरवर नदीकाठी गाव एकच हाय," त्या म्हणाल्या. "आन् या नावाची दहावीतली पोरगीही तिथं एकच हाय."

मी ठोकून दिलेलं ते नाव इथे पुन्हा छापत नाही. त्या मुलीला आपण वत्सला म्हणू. वत्सलाने कुणालाही फोन केला नव्हता. तिचं लग्नही कुणी ठरवलं नव्हतं. तिच्या बापाचा गुन्हा एवढाच की तो पोरीला शाळेत पाठवत होता. पण गावाने पेपर वाचला होता. सोयाबीन विकायला गेला तरी लोक त्याला विचारत, "पोरीनंच तुझ्यावर केस केली म्हणं?" आठ दिवस त्याने ऐकून घेतलं आणि मग वत्सलाचं दप्तर माळ्यावर टाकलं. बोर्डाची परीक्षा तीन-साडेतीन महिन्यांवर होती. हेडमास्तर समजवायला गेले, तर त्यांना तो म्हणाला, "शाळा शिकल्या की पोरी बापाला पोलिसात धाडतेत. पेपरातच हाय."

मी म्हणालो, खुलासा छापू, ती मुलगी ही नव्हे असा. बाईंनी बोटं उघडली. "गावात दहावीच्या पोरी नऊ. एक वजा केली की आठ राहतेत. आठ दिवसांत एकच राहील." त्या रात्री मी जेवलो नाही, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "जेवा. उपाशी राहून पोरगी शाळेत जात न्हाई."

रविवारी सकाळी आम्ही फाट्यावर जीपमधून उतरलो आणि चालत गावात गेलो. माझ्या खिशात लिहून आणलेली माफी होती. बाईंनी ती खिशातच ठेवायला सांगितली. "तुमी बोलू नका. तुमी बोलले की छापून येतं." ग्रामपंचायतीपुढच्या पत्र्याखाली वीस-पंचवीस माणसं जमली होती. एका बाजूला पोरी होत्या, त्यांत कुमुदिनीही. तिचा बाप काठीवर हनुवटी टेकून मागे उभा होता. वत्सला आईच्या आड रडत होती. तिचा बाप पुढे आला. त्याचा आवाज चढत गेला. "माझ्या पोरीनं फोन केला का न्हाई, एवढं सांगा. आन् तिनं न्हाई, तर कुणी केला?"

माझ्या लेखातलं एक विशेषणसुद्धा खोटं चालू न देणाऱ्या बाई. पोलिओच्या डोसाची तारीख सांगावी तशा सपाट आवाजात त्या म्हणाल्या, "कुण्याच पोरीनं केला न्हाई. मी केला. घराघरांत फिरते, कानावर आलं, लावला फोन. पोरीनं केला म्हणलं की पेपरात बरं दिसतं, म्हणून सरांना मी तसं सांगितलं. नाव तर बनवलेलंच हाय."

एकदम सगळेच बोलू लागले. आमच्या चुलीपाशी बसून चहा पेता आन् आमच्यावरच फोन लावता काय, काहून यावं तुमी आमच्या गावात, आमी काय वैरी हाव का तुमचे. बाई ऐकून घेत होत्या. कुमुदिनीच्या बापाने फक्त एकदा बाईंकडे रोखून पाहिलं आणि तो निघून गेला. शेवटी ठरलं की बाईंनी या गावात पुन्हा पाय ठेवायचा नाही. "बराबर हाय," बाई म्हणाल्या. "आन् वत्सला उद्या शाळेत जाईल ना?" तिच्या बापाने मान हलवली. परतीच्या वाटेवर बाई, त्या गावच्या मुलींच्या गटाची गुरुवारची बैठक आता कोण घेणार, याची चिंता करत होत्या. मी उभं राहून चूक माझी आहे असं म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. बाईंनीच सांगितलं होतं, हे खरं आहे, पण मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं आहे. त्याची लाज अजून वाटते.

गावाने संस्थेकडे लेखी तक्रार केली. मी मुंबईला सगळं खरं कळवायला निघालो, तर बाईंनी अडवलं. "मंग ती पोरगी कोण, हे ते इचारतील. आन् नुसतं इचारून थांबायचे न्हाईत, फोटोवाला घेऊन भेटायला येतील." महिन्याभरात बाईंना कामावरून कमी करायचं ठरलं. ऑफिसातली मराठी पत्रं तयार करणं हे संवाद सहायकाचंच काम. मी पत्र टाइप केलं. बाईंनी चष्मा पुसून डबीत ठेवला. "वाचा सर."

'आपण अनवधानाने चुकीची माहिती दिल्यामुळे' इथपर्यंत आलो आणि हात वर झाला.

"अनवधानानं न्हाई. जाणूनबुजून."

"बाई, तेवढं तरी राहू द्या."

"खोटं लिहू नका सर."

मी 'जाणूनबुजून' लिहिलं. बाईंनी सही केली, वही माझ्या टेबलावर ठेवली आणि बारा वाजताची कळमनुरीची एस.टी. गाठायला गेल्या. निरोपसमारंभ झाला नाही, कारण अशा वेळी करत नाहीत. मला त्या वर्षी उत्कृष्ट लेखनासाठी प्रमाणपत्र मिळालं.

याला आता बरीच वर्षं झाली. वत्सला त्याच मार्चमध्ये दहावी झाली आणि आता एका पतसंस्थेत काम करते. हे लिहू का, म्हणून मी दोघींनाही विचारलं. कुमुदिनी नांदेडला नर्स आहे. फोन आपणच केला होता, हे तिने नोकरी लागल्यावर बापाला सांगून टाकलं. तो दोन दिवस बोलला नाही आणि तिसऱ्या दिवशी तिला एस.टी.त बसवून द्यायला आला. ती मला कळमनुरीच्या बाजारात भेटली. मी म्हणालो, त्या दिवशी तू अगदी शांत होतीस.

"शांत कुठली सर, मी उठले होते," ती म्हणाली. "वत्सला रडून राहिली होती, मला बघवंना. म्हणलं, सांगून टाकावं, मीच केला फोन. दोन पावलं पुढं आले, तर बाईंनी रिकामा तांब्या माझ्या हातात दिला. म्हणल्या, पाणी आण बाळा, हापशाचं आण, ताजं. हापसा पार शाळेच्या मागं. मी भरून आणेस्तोवर बाईंचं सांगून झालं होतं."

मी बाईंच्या शेजारीच उभा होतो. मला यातलं काहीच दिसलं नव्हतं.

"दर दिवाळीला मी बाईंकडं जाते," कुमुदिनी म्हणाली. "दरसाल इचारते, बाई, तुमी मला मुद्दामच धाडलं ना?"

"मग काय म्हणतात?"

"म्हणतात, फाट्यापासून चालत आलते पोरी, तहान लागलती मला."