तोंड गोड करताना

मी पाणी कोमट करून पिते, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. थंड पाणी किंवा गोड काही दातांना लागलं की शिवशिवायचं. वारा लागला तरी तसंच, म्हणून मी तोंडावर पदर धरायची. बाया म्हणायच्या, लई लाजते. लाजते हे खरंच होतं. मला ते सोयीचंही होतं. लाजणाऱ्या बाईला कुणी फार विचारत नाही.

लेकीची सुपारी फोडायला नांदेडहून पाहुणे आमच्या घरी अहमदपूरला आले. पहाटेपासून मी स्वयंपाकात उभी होते, पाय भरून आले होते. बोलणं सगळं ठरलं. मग मुलाच्या आईनं पेढा उचलून माझ्या तोंडाजवळ आणला आणि मी नकळत मान फिरवली.

बैठकीतल्या सगळ्यांनी ते पाहिलं. मुलाचा मामा म्हणाला, "काय हो विहीणबाई, जावई पसंत न्हाई वाटतं?"

तो हसत होता, बाकी कुणी हसलं नाही. मालक माझ्याकडं बघत राहिले. लेक दारात उभी होती. हे स्थळ तिनं मनात धरलं होतं आणि तिचं तोंड एवढंसं झालं होतं. दात दुखतात म्हणावं, तर एवढ्या माणसांत मला आवाजच फुटेना. सांगितलं असतं तरी बहाणा वाटला असता.

मी तोंड उघडलं. पेढा दाढेला लागला, कळ कानापर्यंत गेली, डोळ्यांतून पाणी आलं.

"आईचा जीव हाय," कुणीतरी म्हणालं. सुपारी फुटली.

पाहुणे गेल्यावर मी गाल दाबून धरलेला बघून लेक जवळ आली. "आई, दात दुखून राहिले नं तुझे? सांगायचं की!"

ती मला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. कशानं घासता, त्यांनी विचारलं. मिसरीनं, मी म्हणाले. दुखायला लागल्यापासून जास्त जोर लावून.

"तिथंच चुकलं, मावशी. हिरड्या मागं सरकल्या, दातांची मुळं उघडी पडली. मिसरी सोडा, ती तंबाखूच आहे. मऊ ब्रश घ्या, हलका हात ठेवा. आंबट खाल्लं की लगेच घासू नका, नुसती चूळ भरा. ही पेस्ट रोज लावा. गुण यायला वेळ लागेल."

मिसरी सोडणं सोपं नव्हतं. सकाळी डोकं जड व्हायचं, कामाला हात उचलायचा नाही. कळ कमी झाली, पण गेली नाही. लग्न जवळ आलं तशी धास्ती वाढली. तिथं तोंड गोड करणं आलंच. भर मांडवात पुन्हा मान फिरली तर लेकीनं सासरी काय ऐकायचं? शेवटी मीच फोन लावला.

"विहीणबाई, राग मानू नका. माझे दात शिवशिवतात. गोड लागलं की कळ येते."

मग त्या म्हणाल्या, "मंजी त्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं ते..."

"दाढंचं होतं."

"अगं बाई! अन् मी समद्या गल्लीला सांगून राहिले, सुनेच्या आईचा लेकीवर लई जीव हाय म्हणून!"

"जीव बी हाय की."

त्या खूप हसल्या. म्हणाल्या, "मांडवात साखरेचे दोन दाणे तुमच्या जिभेवर ठेवते. दाढेकडं जाऊ देऊ नका."

मी बरं म्हणाले, फोन ठेवला आणि तिथंच भिंतीला टेकून निवांत बसले.