दसऱ्याचं कुंकू आणि वाया गेलेल्या तीन सीडी

मैत्रिणींनो, आज दुपारी डोकं नुसतं भणाणलं, म्हणून लिहायला बसले.

माझी आई तळेघरला एकटी असते. तिथं मोबाईलला धड रेंज नाही, पण जुना सीडी प्लेअर आहे. वडील आता नाहीत. त्यांच्या भजनांची सीडी ओरखडे पडून अडकायला लागली. माझ्याकडं त्यांचं रेकॉर्डिंग आहे, ते नव्या सीडीवर घालून आज धाकट्या भावाबरोबर पाठवायचं होतं.

पहिली कोरी सीडी अर्ध्यावरच एरर देऊन थांबली. दुसरी वेगळ्या कंपनीची घेतली, स्पीड सगळ्यात कमी केला, तरी तेच. तिसरीही अर्ध्यावर अडकली. बाहेर काढली, तर खालच्या चकचकीत बाजूला लाल भुकटी!

मग आठवलं. दर दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा करताना मी ड्राइव्हचा ट्रे ओढून त्यालाही हळदकुंकू वाहते. तेच आत लेन्सवर बसलं असणार.

भाऊ हसायला लागला. "ताई, टॅक्टरच्या टाकीतबी कुंकू घालतीस का गं?"

"हसू नको. थांब जरा, पुसून बघते."

"मी थांबंन, एसटी न्हाई थांबायची."

गेला रिकाम्या हातानं. आई स्टँडवर येऊन उभी असेल.

तुमच्यापैकी कुणी ही लेन्स घरी साफ केलीय का? कापसानं पुसली तर बिघडेल का? आणि वडिलांचा आवाज अर्धाच उतरलेल्या या तीन सीडी कचऱ्यात टाकायला मन होत नाही. तुम्ही काय केलं असतं?