लाकडाखालचा नंबर

फौजेत मी वीस वर्षं आर्मरर होतो. बंदुका चालवणाऱ्यांतला नव्हे, त्या दुरुस्त करणाऱ्यांतला. निवृत्त होऊन कोळवणला परतलो तेव्हा वाटण्या झाल्या होत्या आणि माझ्या वाट्याला आलेल्या खाचरांत घरापुरता भात निघायचा, एवढंच. म्हणून कासार आंबोलीला एका बंगल्यावर देखरेखीचं काम धरलं. मालक पुण्याचे, शनिवार-रविवारी यायचे. पाहुणे आले की मला व्हरांड्यात बोलावून सांगायचे, "हे आमचे हवालदार. आर्मीतले." पाहुणे मान हलवायचे, मी जरा वेळ उभा राहायचो आणि पुन्हा पाण्याच्या मोटरीकडे जायचो.

मालकांना नेमबाजीचा नाद लागला होता. क्लबात नाव घातलं, लायसन्स काढलं. एके दिवशी मला म्हणाले, "हवालदार, एखादी जुनी मिलिटरीची रायफल घ्यायचीय. स्वस्तातली, पण खरी. मारायलाही होईल आणि संग्रहातही राहील. थ्री-नॉट-थ्री मिळेल?"

"न्हाई साहेब. ती फौजेची गोळी, साध्या लायसनवर देत न्हाईत. पण जुन्या फौजी रायफलीला तीनशे पंधराची नळी बसवलेली असती कुटं कुटं. अंग तेच, गोळी दुसरी. ती चालंल तुमाला."

"मग तुम्हीच चला बघायला."

गाडीतून जाताना मी त्यांना सगळं सांगत होतो, आणि खरं सांगायचं तर मला फार बरं वाटत होतं. चार वर्षांत माझ्या कामातलं मला कुणी काही विचारलं नव्हतं.

बंदुकांच्या दुकानात मालकांना खुर्ची मिळाली, चहा आला. मी काउंटरला टेकून उभा. दुकानदाराने तीन रायफली काढल्या. पहिली नव्या वार्निशने चकाकत होती; मालकांचा हात आधी तिच्याकडेच गेला. मी नळी उजेडाला धरून आतून पाहिली. गंजाने पार खाल्लेली होती. दुसऱ्या रायफलीच्या लाकडाला, लोखंड जिथे टेकतं तिथेच, केसासारखी चीर होती. चार फैरी झाडल्या की ते लाकूड फाटणार. तिसरी मागे पडलेली. दस्त्यावर पोचे, पट्टा तुटलेला, रंग गेलेला. तिची नळी मात्र आतून आरशासारखी. गोळी आत सारणारा बोल्ट मागे ओढला तर तो तेलात सरकावा तसा सरकला.

मी दुकानदाराकडून स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला आणि वरचं लाकूड उतरवलं. फौजी रायफलीचा नंबर एकाच जागी नसतो. अंगावर, म्हणजे मधल्या लोखंडी भागावर असतो, बोल्टच्या दांडीवर असतो, नळीच्या मुळाशी लाकडाखाली असतो. इथे तिन्ही जुळत होते. ज्याने नळी बदलली त्याने जुनाच नंबर नव्या नळीवर नीट ठोकला होता. कुणीतरी माझ्यासारखाच असणार, असं वाटलं.

दुकानदार हळूच म्हणाला, "कुठल्या वर्कशॉपला होता?"

मी सांगितलं. त्याने माझ्यासाठीही चहा मागवला.

त्या क्षणी मी गप्प बसायला हवं होतं. लायसन्सचा अर्ज करून ती रायफल मला घेता आली असती. मागे पडलेल्या वस्तूकडे दुसरं कोण बघणार होतं? पण मला माझी अक्कल दाखवायची होती. "साहेब, ही घ्या," मी म्हणालो. "बाकीच्या दोन बघू बी नका."

त्यांनी घेतली. क्लबाच्या मैदानावर गेलो, पाच गोळ्या झाडून त्यांनी खांदा चोळला. मी म्हटलं, "साहेब, एक मी मारून बघू का? तुमी हायेच की शेजारी. नेम कुटं जातोय ते सांगतो."

"नको, उगाच कटकट. लायसन्स माझ्या नावावर आहे," ते म्हणाले आणि रायफल पिशवीत गेली.

दिवाळीला मी आठ दिवस घरी होतो. परत आलो तर दिवाणखान्यात रायफल भिंतीवर टांगलेली. बंगल्याचं स्टीलचं रेलिंग ज्याने चमकवलं होतं, त्याच कारागिराकडून मालकांनी तिचं अंग घासून घेतलं होतं. चांदीसारखं दिसत होतं. दस्त्यावर लाल वार्निश. मी जवळ जाऊन पाहिलं. अंगावरचा नंबर गेला होता, बोल्टवरचाही. कारखान्याचा शिक्का गेला होता.

"कशी दिसतेय?" मालकांनी विचारलं.

"साहेब, नंबर घालवला तुमी."

"अहो, पण लूक बघा ना."

मग निवडणूक लागली आणि हत्यारं ठाण्यात जमा करायचा हुकूम आला. मालक रायफल घेऊन गेले आणि तासाभरात मला फोन आला, ताबडतोब या. मी पोचलो तेव्हा अंमलदार लायसन्स समोर ठेवून बसले होते. लायसन्सवर नंबर होता, रायफलीवर नव्हता. आणि मालकांनी माझं नाव घालून कागदावर लिहून दिलं होतं की, माझ्या बंगल्यावरच्या माणसाने न विचारता रायफल घासून साफ केली.

अंमलदारांनी मला विचारलं, "तुम्ही घासली?"

मी मालकांकडे पाहिलं. ते मोबाइलमध्ये बघत होते.

"न्हाई साहेब," मी म्हणालो. "पर नंबर दावतो तुमाला. एक स्क्रू-ड्रायव्हर द्या."

तिथेच टेबलावर मी लाकूड उतरवलं. रेलिंगवाल्याला ते काढता आलं नव्हतं, म्हणून नळीच्या मुळाशी नंबर जसाच्या तसा होता. अंमलदारांनी बोट ठेवून एकेक आकडा लायसन्सशी ताडून पाहिला, तंबी दिली आणि रायफल जमा करून घेतली.

बाहेर आल्यावर मालक हसले. "तुम्ही आहात म्हणजे मला काळजीच नाही हो! बसा, सोडतो."

"त्या कागदावर माझं नाव हाय साहेब."

"अहो, मिटलं ना आता. ते काय कुणी वाचतंय?"

मी गाडीत बसलो नाही. एसटीने घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी बंगल्याच्या किल्ल्या माळ्याकडे दिल्या. बायको एवढंच म्हणाली, "तितंच त्येंच्या तोंडावर खरं का न्हाई सांगितलं, कुणी घासून घेतली ते?" खरं म्हणजे लाकूड उतरवताना माझे हात सराईतपणे चालत होते, ठाण्यातले सगळे बघत होते, आणि तेवढ्यापुरतं मला बरंच वाटलं होतं. हे तिला कसं सांगणार?

यंदा रानडुकरांनी भाताची नासाडी केली म्हणून मी स्वतः लायसन्सचा अर्ज केला. चौकशीत तो कागद निघाला. आता अंमलदार नवे होते. म्हणाले, "तुमच्या नावावर हत्याराशी छेडछाड केल्याचा जबाब आहे. मालकांकडून तो चुकीचा होता असं लिहून आणा."

मी फोन केला. मालक ओळखीने बोलले, तब्येत विचारली. मी काम सांगितलं. मग म्हणाले, "हवालदार, जुनं कशाला उकरून काढायचं? उगाच मीच अडकेन." मी आणखी काही म्हणायच्या आत त्यांनी फोन ठेवला. माझा अर्ज अजून तिथेच पडून आहे.