भूशिरावरचं गोडं पाणी

तापलेल्या जांभ्या कातळाची ऊब अनवाणी पावलांना जाणवत होती आणि तिन्ही बाजूंनी समुद्राचा खारा वारा अंगावर येत होता. लोहाऱ्याच्या काळ्या मातीत वाढलेल्या मला जमीन कुठं संपते, हे तोवर ठाऊकच नव्हतं. आमच्याकडं एक शिवार सरलं की दुसरं सुरू होतं. इथं मात्र जमिनीची अरुंद मान सागरात दूरवर गेली होती आणि तिच्या टोकाशी दीपगृह उभं होतं. माझा धाकटा भाऊ मिलिंद तिथं तीन वर्षांपासून नोकरीला होता.

आई आणि मी त्याला परत न्यायला आलो होतो. उमरग्याच्या ज्या शाळेत मी शिकवते, तिथं प्रयोगशाळेत एक जागा निघाली होती. हट्ट माझाच होता. स्टँडवर उतरणाऱ्या प्रत्येक पाठमोऱ्या तरुणात मला तोच दिसायचा.

मिलिंदनं आम्हाला सड्यावर, वरच्या सपाट कातळमाळावर, नेलं. वाळल्या गवतामधल्या उघड्या कातळात चित्रं कोरलेली होती: पंख पसरलेला मासा, हत्ती, आणि नुसता कमरेखालचा एक माणूस.

"हजारो वर्षांपूर्वीची हायेत, आई," तो म्हणाला.

कोण असतील ते हात? त्यांच्या मागंही दूर कुणी झुरत राहिलं असेल का? मी अशी हरवलेली असताना आईनं विचारलं, "ही माणसं प्यायला पाणी कुठनं आणत व्हती?"

टँकरमागं घागर घेऊन जिची उमर गेली, तिला दुसरं काय सुचणार?

मिलिंद हसला नाही. हाताला धरून त्यानं तिला कड्याच्या पायथ्याशी नेलं. सड्यात मुरलेलं पावसाचं पाणी तिथं खडकाच्या फटीतून झिरपत होतं, लाटांपासून हाकेच्या अंतरावर. आईनं ओंजळ भरली, चाखली, पुन्हा भरली.

"गोडं हाय. उन्हाळ्यात आटतं का?"

"न्हाय. म्या तीन उन्हाळे बघितलेत."

तिनं बराच वेळ त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं. "तुला हितं करमतं?"

"व्हय, आई. लई."

नोकरीचा विषय तिनं काढला नाही, मलाही काढू दिला नाही. परतीच्या एसटीत घाट लागल्यावर म्हणाली, "त्याला आता ये म्हणू नगंस. पाणी लागल्यावर कुणी हीर दुसरीकडं खणतं का?"

मी फोन काढला. माझ्या शब्दावर मुख्याध्यापिकाबाईंनी ती जागा अडवून ठेवली होती. 'भाऊ येणार नाही' एवढे तीन शब्द लिहायला मला सबंध घाट लागला.