मंग हाय कुटंतरी

घरात एखादी वस्तू हरवली की बाकीच्यांच्या कपाळाला आठ्या पडत आणि सगुणामावशीचा चेहरा उजळे. तुमच्या आजोबांचा चष्मा, माझी शिवणाची कात्री, तुमच्या बाबांचा एका पायातला मोजा, काहीही असो. पदर खोचून ती उभी राही आणि म्हणे, "हरवलंय नव्हं? मंग हाय कुटंतरी." आणि खरोखरच ती वस्तू तांदळाच्या डब्यामागून नाहीतर गादीच्या घडीतून बाहेर निघे. मोडलेल्या वस्तूंकडे मात्र ती बघतही नसे. कपाचा कान तुटला तर "त्येचं झालं" एवढे म्हणून ती केरसुणी हातात घेई.

अरू, तुझ्या पत्रात दोन प्रश्न आहेत. तू लिहायला घेतलेली कादंबरी युद्धाच्या काळातली आणि घरातल्या गुपितांची आहे, तेव्हा आजोबांच्या कागदपत्रांत तसे काही आहे का, हा पहिला. आणि लोणावळ्याच्या घराच्या पायरीवर काढलेल्या फोटोत कडेला मोठे कुंकू लावलेली बाई कोण, हा दुसरा. आजोबांच्या कागदांत काही नाही, ते सगळे मी लावून ठेवले आहेत. गुपित आहे ते माझे, आणि ते त्या कडेच्या बाईपाशी आहे. तुमच्या बाबांना सगुणामावशी चांगली आठवते, पण हे त्यालाही ठाऊक नाही. तू आणि तुझा भाऊ विनय, दोघांनी वाचा.

माझे वडील तळेगावला शाळामास्तर होते. मुलीने इंग्रजी शिकावे ही त्यांचीच हौस. शब्दाखाली बोट धरून वाचायचे, बोट उचलले की शब्द निसटतो, असे ते सांगत. सगुणा आंदर मावळातून तांदूळ, पावसाळ्यात रानभाज्या घेऊन अर्धा दिवस चालत येई आणि आमच्या ओटीवर पाणी पिऊन टेके. मी बारा वर्षांची, ती विशीची. तिचा नवरा म्हादू पहिल्या महायुद्धात पलटणीत भरती होऊन बोटीने बसऱ्याकडे गेलेला. मी वाचत असले की ती डोक्यावरची पाटी बाजूला ठेवून टक लावून बघे. "ताई, ह्या समद्या मुंग्या सारख्याच. तुला कशा गं वळखू येत्यात?" मला मोठा अभिमान वाटे.

एका दुपारी ती पाटीशिवाय आली. हातात घडी घातलेला कागद होता. वडील शाळेत, आई विहिरीवर. कागद छापील इंग्रजी, रिकाम्या जागा शाईने भरलेल्या, खाली शिक्का. तेव्हा मला आनंद झाला होता, हे आज लिहिताना जड जाते. सरकारी कागद, आणि तो वाचायला माझ्याकडे आणलेला! मी खाली बोट धरले. नाव, नंबर, आणि मग ती ओळ. पहिला शब्द "मिसिंग". तो मला येत होता. "हरवला," मी खणखणीत आवाजात म्हटले. पुढे दोन शब्द होते, "बिलीव्ड किल्ड". मारला गेला असावा. तेही मला येत होते. बोट त्या दोन शब्दांवरून सरकत टिंबापर्यंत गेले, पण तोंडातून काही बाहेर पडेना.

"हरवला?" सगुणाने विचारले.

"हो."

"येवढंच लिवलंय?"

"एवढंच."

तिने मोठा श्वास सोडला आणि चक्क हसली. "त्यो हायेच तसला. कामशेतच्या बाजारात बी हरवलता. म्या हुडकून आणला व्हता, गुळाच्या दुकानाम्होरं बसलेला." मग कागदाची घडी चोळीत सारत ती उठली. "हरवलाय नव्हं? मंग हाय कुटंतरी."

ते वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

पुढे लढाई संपली. तिच्या गावचे काही जण परत आले, म्हादू आला नाही. गावात सगळे म्हणत की तो गेला. तिच्या भावाने, धोंडिबाने, तिच्यासाठी एक माणूस बघितला. बायको वारलेला, पाण्याखालची भातशेती असलेला, स्वभावाने गरीब. त्यांच्यात विधवेचा पाट लावतात, म्हणजे दुसरे लग्न होते, त्यात कमीपणा नाही. पण सगुणा हटून बसली. कागदात हरवला लिहिलेय, आणि हरवलेल्याच्या बायकोचा पाट कसा लागेल? शेवटी धोंडिबा तिला आणि कागदाला घेऊन आमच्या ओटीवर आला. वडील त्या दिवशी पुण्याला गेलेले.

"ताई, तुमी शिकल्याल्या," तो हात जोडून म्हणाला. मी चौदा वर्षांची, आणि तो मला हात जोडत होता. "ह्यात म्हादू मेला आसं कुटं लिवलंय का? नीट बगून सांगा. माणूस चांगला हाय. हिला पोरंबाळं व्हतील, आपलं घर व्हईल. ही काय माजं ऐकंना."

"ताईनी वाचलंय एकदा," सगुणा म्हणाली. ती खांबाला टेकून बसली होती आणि माझ्या तोंडाकडे न बघता माझ्या बोटाकडे बघत होती.

त्या वेळी खरे सांगता आले असते. पहिल्यांदा मला तिची दया आली होती, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत आले. पण दुसऱ्यांदा ती दया नव्हती. मास्तरांच्या हुशार मुलीने चुकीचे वाचले होते, हे गावभर झाले असते, त्याची मला भीती वाटली. मी बोट पहिल्या शब्दाखाली ठेवले आणि तिथेच थांबवले. "हरवला आहे, असं लिहिलंय," मी म्हटले.

धोंडिबा उठून उभा राहिला. मग बहिणीला म्हणाला, "संपलं. आता बस वाट बगत." त्या माणसाने त्याच उन्हाळ्यात दुसरीकडे पाट लावला.

लग्न होऊन मी लोणावळ्याला आले. भावाच्या घरात सगुणाला जागा उरली नाही तेव्हा ती माझ्याकडे आली, आणि वीस वर्षे राहिली. तुमच्या बाबांना तिनेच वाढवले. चारचौघांत ती मला "तुमी" म्हणे आणि स्वयंपाकघरात "तू". धुक्यात वाट चुकलेले मुंबईचे पाहुणे दारात आले की ती कंदील घेऊन पुढे होई. "सायेब, रस्ता हितंच हाय, तुमीच हलला जागचे." सगळे हसत. पण दाढी वाढलेला कुणीही बाप्या दिसला की ती त्याच्याकडे थांबून बघे. एकदा बाजारातल्या एका गोसाव्यामागे ती खंडाळ्यापर्यंत चालत गेली. परत आल्यावर ती तांब्याभर पाणी प्यायली. "न्हाई. त्येचं कान बारीक व्हतं," असे म्हणून ती भाकऱ्या थापायला बसली. मी ताट मांडत होते. ते दोन शब्द तेव्हाही सांगता आले असते; मी वाट्या मांडल्या. असे कितीतरी वेळा झाले.

मग दुसरे महायुद्ध आले, आणि मावळातल्या बाया तसेच कागद घेऊन माझ्याकडे येऊ लागल्या. एके सकाळी नाणे मावळातली एक पोर आली, कडेवर तान्हे मूल. कागदाची ओळ बघताच मी मनात शब्द मऊ करू लागले. सगुणामावशी शेजारी तांदूळ निवडत होती. सुपातून मान वर न करता ती म्हणाली, "ताई, समदं वाच. बोटाखालचं काय बी सोडू नगंस."

मी सगळे वाचले. त्या पोरीने हंबरडा फोडला. मावशीने तिला दुपारपर्यंत मांडीवर घेतले, चहा पाजला आणि स्टेशनवर पोचवून आली. आल्यावर तिने ट्रंकेतून आपला कागद काढला. घड्यांवर तो फाटत आला होता.

"आता माजं ऱ्हायलेलं वाच," ती म्हणाली.

"मावशी, तुला माहीत होतं?"

"पयल्यांदा तुजं बोट लय फुडं गेलतं आन् तोंड मागंच ऱ्हायलं. मंग भावाम्होरं तेच बोट एका शब्दावर थांबलं. तवा पक्कं कळलं."

"मग विचारलं का नाहीस?"

"इचारलं आसतं तर तू सांगितलं आसतंस."

मी बोट धरले आणि ते दोन शब्द वाचले. त्यांचा अर्थ सांगितला. तिने तो आपल्याशी एकदा पुटपुटला, जसा एखादा निरोप पाठ करावा.

"मंग न्हाई कुटं," ती म्हणाली, आणि कागद माझ्याकडे देऊन राहिलेले तांदूळ निवडायला बसली.

दुसऱ्या दिवशी तिच्या कपाळावर कुंकू नव्हते. मी हात धरून क्षमा मागितली तेव्हा तिने हात सोडवून घेतला, रागाने नव्हे, दूध उतू जात होते म्हणून. तो कागद मी या पत्रासोबत पाठवत आहे. कादंबरीत घालायचा की नाही हे तू ठरव.

त्या पावसाळ्यात तिने अंथरूण धरले. औषध घेईना, जेवेना. काहीतरी करून तिला उठवावे म्हणून एके दिवशी मी माझ्या किल्ल्यांचा जुडगा धान्याच्या कणगीत लपवला आणि तिच्या खाटेपाशी जाऊन म्हटले, "मावशी, किल्ल्या हरवल्या गं. कुठेच सापडत नाहीत."

तिने माझ्या बोटांकडे बघितले. मग भिंतीकडे कूस वळवली.

"हरवल्या न्हाईत, ताई," ती म्हणाली. "तुला ठावं हाय कुटं हायती त्या."